गिटार उघडणाऱ्या हातांच्या बाजूने

इलेक्ट्रिक गिटार ही विकत घ्यायची वस्तू आहे, घरी बनवायची नाही, असं मला आजवर तीन प्रकारच्या लोकांनी ऐकवलं आहे. पहिले हौशी वादक. त्यांच्या मते नावाजलेल्या ब्रँडची असेल तरच ती गिटार, बाकी सगळी फळकुटं. दुसरे आमच्यातले शिकलेसवरलेले लोक. ते म्हणतात, करवत, कानस आणि सोल्डरिंग ही गॅरेजमधल्या पोरांची कामं. त्यातून बाहेर पडण्यासाठीच तर आपण शिकलो. तिसरे मोहल्ल्यातले दीनदार वडीलधारे. त्यांच्या मते वाद्यच नको, मग ते बनवण्याचा प्रश्न येतोच कुठे? तिघांचे रस्ते वेगळे असले तरी पोचतात एकाच ठिकाणी. हाताने केलेल्या कामाला इल्म म्हणायची तिघांचीही तयारी नाही. मला या तिघांशीही भांडायचं आहे, आणि सगळ्यात जास्त दुसऱ्यांशी, कारण ते माझ्याच घरातले आहेत.

मी गेली काही वर्षं सुटीच्या दिवशी गच्चीवरच्या खोलीत गिटार बनवतो, जुन्या गिटार उघडून दुरुस्त करतो. हा माझा धंदा नाही. धंदा अब्बांचा आहे, मोटर रिवाइंडिंगचा. पंखे, पाण्याच्या मोटारी, यंत्रमागाच्या मोटारी. जळालेली गुंडाळी कापून काढायची, खाचांमध्ये नवा फायबर पेपर घालायचा, मोजून तांब्याची तार गुंडाळायची, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवायची. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि त्यावर आम्हा भावंडांचं शिक्षण झालं.

माझी भाची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने विषय निवडला, इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप स्वतः गुंडाळायचा, त्याची मोजमापं घ्यायची आणि टर्न बदलले की आवाज कसा बदलतो ते दाखवायचं. नानांच्या दुकानात बसून तिने दोन पिकअप तयारही केले होते. कॉलेजातल्या मार्गदर्शकांनी विषय नाकारला. कारण दिलं ते एका ओळीचं, ‘हे वाइंडरचं काम आहे, इंजिनिअरिंग नाही.’ मग तिने सगळे करतात तेच केलं. बाजारात तयार मिळणारा, काळ्या रेषेवरून चालणारा छोटा रोबो विकत आणला, त्याचा छापील अहवाल जोडला आणि चांगले गुण मिळवले. घरी येऊन तिने मला एकच प्रश्न विचारला, ‘मामू, मग नाना इतकी वर्षं करतात ते काय आहे?’

तो प्रश्न तिचा एकटीचा नाही, म्हणून हा लेख.

आधी पिकअप म्हणजे काय ते पाहू, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. तिच्या तारांखाली एक लहानशी पेटी बसवलेली असते. त्यात सहा छोटे लोहचुंबक उभे असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबक होते. ती छेडली की थरथरते, गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. ही अगदी क्षीण वीज पुढे ॲम्प्लिफायरला जाते. मायकल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. सायकलचा डायनॅमो याच तत्त्वावर चालतो, आणि अब्बांच्या दुकानात येणारी प्रत्येक मोटर त्याच घराण्यातली.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या पिकअपवर साधारण आठ हजार टर्न असतात. तार अमेरिकन मापात ४२ गेजची, म्हणजे आपल्या वाइंडरच्या भाषेत साधारण ४६ गेज. छताच्या पंख्याला ३६ गेजच्या आसपासची तार लागते. ही त्याहून कितीतरी बारीक, डोक्याच्या केसाइतकी. मी पहिल्यांदा आठ हजार हा आकडा सांगितला तेव्हा अब्बा हसले होते. ‘इत्ते टर्न? पंखा बनाताय का पवनचक्की?’ मग त्यांनी ती तार बोटांत धरून पाहिली आणि गंभीर झाले. तार किती ताणायची हे त्यांच्या बोटांना आधीपासून ठाऊक होतं. जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर गुंडाळी फुगते. मी शिलाई मशीनच्या मोटरवर फिरकी बसवली, टर्न मोजायला जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला चुंबकावर चालणारा छोटा स्विच जोडला. एकात एक मिळवायला सांगून ठेवलं की फिरकीच्या प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. गुंडाळून झाल्यावर मल्टिमीटर लावला. साधारण सहा हजार ओहम, म्हणजे जिथे यायला हवं तिथेच.

पुढची पायरी मेणाची. पॅराफिन आणि थोडं मधमाशांचं मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं आणि पिकअप त्यात बुडवून ठेवायचा. गुंडाळीतला वेढा मोकळा राहिला तर तो मोठ्या आवाजाने स्वतःच थरथरतो आणि गिटार शिट्टी मारते. अब्बांना हे समजावून सांगावं लागलं नाही. मोटरला वार्निश पाजतात त्यामागेही एक कारण तेच असतं. वेढे हलू नयेत, एकमेकांवर घासू नयेत.

आता जे इंजिनिअरिंग नाही असं सांगितलं गेलं ते पाहू. या गुंडाळीला विरोध आहे, प्रेरकत्व आहे आणि वेढ्यांच्या आपापसातली धारकताही आहे. गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबल आणखी धारकता जोडते. प्रेरकत्व अडीच हेन्रीच्या आसपास आणि एकूण धारकता सहाशे पिकोफॅरडच्या आसपास धरली तर या मंडलाचं अनुनादाचं शिखर चार हजार हर्ट्झच्या जवळ येतं. त्या शिखराच्या जागेवर गिटारचा आवाज चमकदार की जाड हे बरंचसं ठरतं. टर्न वाढवले की शिखर खाली सरकतं, आवाज जाड होतो. लांब केबल लावली की तेच होतं. टोनचं बटण फिरवतो तेव्हा आपण एका कपॅसिटरमधून वरचे स्वर जमिनीकडे वळवतो, इतकंच. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं जे गणित विद्यार्थी पाठ करून विसरतात, ते इथे कानाला ऐकू येतं. याला प्रकल्प म्हणायचं नाही आणि विकत आणलेल्या रोबोला म्हणायचं, हा न्याय कुठला?

हा न्याय इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासाला तर अजिबातच लावता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण बिघडलेली वस्तू टेबलावर आली की ती सहज उघडता आली पाहिजे, हे दुकानदाराचं शहाणपण त्यांच्याकडे होतं. म्हणून त्यांनी गिटारची मान धडाला डिंकाने न चिकटवता स्क्रूने जोडली. मान खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. १९५०-५१ मध्ये टेलिकास्टर आली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर, आणि आजही जगभर त्याच रचनेची नक्कल होते. त्याआधी लेस पॉल यांनी एका चौकोनी लाकडी खांबालाच तारा आणि पिकअप लावले, दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचं पोट कापून जोडलं आणि त्याला नाव दिलं ‘लॉग’, म्हणजे ओंडका. गिब्सन कंपनीने आधी ती कल्पना नाकारली. १९५२ मध्ये त्याच कंपनीने त्यांच्या नावाची गिटार बाजारात आणली. एडी व्हॅन हॅलनने पन्नास डॉलरचं डागी धड आणि ऐंशी डॉलरची मान घेतली, दुसऱ्या गिटारचा पिकअप काढून त्यात बसवला आणि १९७८ च्या पहिल्या अल्बमने जगाला वेड लावलं.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण ब्रायन मे यांचं आहे. क्वीन या बँडचा हा गिटारवादक १९६३ मध्ये शाळकरी मुलगा होता. घरात महागडी गिटार घेण्याइतके पैसे नव्हते. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. बापलेकांनी घरीच गिटार बनवायला घेतली. मानेचं लाकूड शंभरेक वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. त्यात किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. स्वर वरखाली हलवायच्या यंत्रणेला जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्वच्या स्प्रिंगा. तिच्या दांडीचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं. मानेवरच्या खुणा शिंपल्याच्या गुंड्यांच्या. दोन वर्षांच्या आसपास काम चाललं. पिकअपही त्यांनी आधी घरीच केले होते. ते मनासारखे झाले नाहीत म्हणून नंतर विकतचे बसवले. त्याच गिटारने त्यांनी जगभरची मैदानं गाजवली. आणि २००७ मध्ये याच माणसाने लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून खगोलभौतिकीतली पीएचडी पूर्ण केली. कानस धरणारा हात आणि प्रबंध लिहिणारा हात एकाच माणसाचा असू शकतो, आणि त्यात त्याला कधी लाज वाटली नाही.

‘ते विलायतेत चालतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी सहाराच्या वाळवंटातले दोन मुसलमान. मालीचा तुआरेग वादक इब्राहिम अग अल्हबीब. त्याच्या वडिलांना १९६३ च्या उठावात मारलं गेलं, तो लहानपणीच परागंदा झाला. त्याची पहिली गिटार पत्र्याचा डबा, एक काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांची होती. पुढे त्याने तिनारिवेन हा गट उभा केला, आणि २०१२ मध्ये त्या गटाला ग्रॅमी मिळाला. दुसरा नायजरचा एमदू मोक्तार. धार्मिक घरात वाद्याला परवानगी नव्हती. त्यानेही लाकूड आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा जोडून पहिली गिटार स्वतः केली. आज तो जगभर वाजवतो. या दोघांकडे ब्रँड नव्हता, दुकान नव्हतं, पुस्तकही नव्हतं. हात होते.

आता हौशी वादकांकडे वळतो. त्यांचा ठाम समज असा, की स्वस्त गिटार वाईट वाजते कारण तिचं लाकूड वाईट. लाकडाचा आवाजाशी काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. पण पिकअप ऐकतो तो पोलादी तारेला. म्हणून भरीव धडाच्या गिटारमध्ये पिकअप कोणता, तो तारेच्या खाली कुठे बसवला, तारा कोणत्या आणि जुळवणी कशी, या गोष्टी लाकडाच्या जातीपेक्षा खूप जास्त बोलतात. स्वस्त गिटार उघडून पाहा. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या खाचा उथळ कापलेल्या असतात, म्हणून पहिल्या पडद्यावर बोट दाबताना जीव जातो आणि स्वरही चढतो. पडदे एका पातळीत नसतात, म्हणून मध्येच एखादा स्वर खरखरतो. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावलेली नसते, म्हणून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर सतत ऐकू येते. जोडण्या थंड सोल्डरच्या असतात, म्हणून आवाज मध्येच जातो.

यातला एकही दोष लाकडाचा नाही, आणि यातला प्रत्येक दोष घरी दूर करता येतो. खाचा बारीक कानशीने थोड्या थोड्या खोल करायच्या. पडद्यांच्या माथ्यांवर मार्करची शाई लावून सरळ पट्टीवर चिकटवलेला पॉलिश पेपर फिरवायचा. जिथली शाई निघत नाही तो पडदा अजून खाली आहे. सगळीकडची शाई सारखी निघाली की माथे पुन्हा गोल करायचे. तार मोकळी ठेवून बाराव्या पडद्याच्या वर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तोच पडदा दाबून निघणारा स्वर यांची तुलना करायची. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचा तारेचा आधार मागे सरकवायचा. पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडायची. सामानाला काही शे रुपये आणि दोन रविवार. त्यानंतर तीच गिटार हातात धरून मला सांगा की लाकूड वाईट होतं.

अख्खी गिटार बनवायची असेल तर मात्र गणित लागतं. सतारीचे पडदे तातीने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे पडदे खाचेत ठोकलेले असतात. एकदा चुकलं की कायमचं चुकलं. ६४८ मिलिमीटर लांबीची तार असेल तर ६४८ ला १७.८१७ ने भागा. पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, दुसरा पडदा. असं करत गेलात की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. आला नाही तर कुठेतरी हिशेब चुकला आहे. सातवीतल्या मुलाला भागाकार कशासाठी शिकायचा हे सांगायला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

धडाला मी पाडलेल्या वाड्यांचं सागवान वापरतो. ते तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी जोड थिनरने पुसून घ्यावा लागतो. त्यात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. आमच्या गल्लीतल्या सुतारचाचांना हे दोन्ही ठाऊक होतं. मला ते त्यांच्याकडून कळलं. आणि मानेवरच्या पट्टीसाठी जगभरचे नामांकित कारखाने ज्याची वाट पाहतात ते ‘इंडियन रोजवूड’ म्हणजे आपलं शिसवी. आपल्या जंगलातलं लाकूड परदेशातून गिटार होऊन आलं की आपण त्याला मान देतो, आणि शेजारच्या सुताराच्या हातात ते असतं तेव्हा भाव करतो.

मिरजेची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथले सतार-तानपुरे बनवणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे आणि ती घडवणारे. हत्यारांचा जमाना सरला तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी तेच हात वाद्यांकडे वळवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांचा जीव जवारीत असतो. घोडीचा माथा अशा उताराने घासायचा की तार त्याला पूर्ण टेकूही नये आणि पूर्ण सुटूही नये. गिटारमध्ये अशी तार खरखरली तर तो दोष. सतारीत तोच गुण. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल नावाची इलेक्ट्रिक सितार आली. प्रत्यक्षात ती गिटारच, पण तिला रुंद, सपाट घोडी बसवून ही जवारीची झणझण काढली होती. अमेरिकन कारखान्याने ज्याची नक्कल केली ते ज्ञान मिरजेतले कारागीर डोळ्याने आणि कानाने पिढ्यानपिढ्या करत आले. आपण मात्र मैफलीत वादकाचं नाव छापतो, तानपुरा कोणी केला ते कधी विचारत नाही.

आता माझ्या घरातल्यांचा आक्षेप. तो हलका नाही, म्हणून त्याला पुरी जागा देतो. ते म्हणतात, ‘तुला हौस परवडते कारण तुझ्या हातात पगार आहे. आमच्या पोरांना गॅरेज, वेल्डिंग आणि वाइंडिंगमध्ये कोणी प्रेमाने पाठवलं नाही. शाळा सुटली, घर चालेना, म्हणून गेली. त्या मजबुरीचे पोवाडे गाऊ नकोस.’ हे खरं आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानेही नोंदवलं की इतर समाजांच्या मानाने मुस्लिम स्वयंरोजगारावर जास्त विसंबून आहेत. त्यात हौस किती आणि बंद दरवाजे किती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बारा वर्षांच्या पोराच्या हातात पाना देऊन त्याची शाळा सोडवणाऱ्याच्या बाजूने मी कधीच उभा राहणार नाही.

पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. मजबुरी वाईट होती म्हणून हुन्नर वाईट ठरत नाही. अब्बांवर अन्याय झाला तो त्यांच्या हातांना काम शिकवलं गेलं म्हणून झाला नाही. त्या कामामागचं शास्त्र त्यांच्यापर्यंत कधी पोचू दिलं गेलं नाही म्हणून झाला. टर्न कमी केले तर मोटर तापते हे त्यांना ठाऊक आहे. का तापते हे सांगणारं पुस्तक त्यांच्या भाषेत, त्यांच्या हातात कोणी दिलं नाही. आणि भाचीवर अन्याय झाला तो उलट्या बाजूने. तिच्याकडे पुस्तक होतं, हातही होते, पण हात लपवले तर गुण मिळतील असं तिला शिकवलं गेलं. एकाच घरात आजोबांकडे एक अर्धं आणि नातीकडे दुसरं. ही दोन अर्धी जोडण्याची संधी चालून आली होती, आणि शिकलेल्या माणसानेच ती मोडली.

आपल्या परंपरेचा अभिमान सांगताना आपण अल-जझरीचं नाव घेतो. १२०६ मध्ये त्याने यंत्रांवर जो ग्रंथ पूर्ण केला त्याच्या नावातच ‘इल्म’ आणि ‘अमल’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. ज्ञान आणि उपयोगी कृती यांना एकत्र आणणारा ग्रंथ, असा त्या नावाचा आशय. त्याने वर्णन केलेली घड्याळं आणि पाणी उपसायची यंत्रं तो स्वतः घडवत असे. दहाव्या शतकात अल-फाराबीने संगीतावरच्या मोठ्या ग्रंथात ऊदवर स्वरांच्या जागा कुठे येतात याचा हिशेब मांडला. जलशात ही नावं घ्यायची आणि घरी आल्यावर पोराच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न काढून घ्यायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

दीनदार वडीलधाऱ्यांशी मी वाद घालताना आवाज खाली ठेवतो, आणि ठेवायलाच हवा. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. संगीताचा मसला जुना आहे. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर सविस्तर लिहिलं; काही वाद्यांना मुभा दिली, तंतुवाद्यांबाबत मात्र ते कडक राहिले. अंदलुसच्या इब्न हज्म यांनी मनाईच्या हदीसांच्या सनदीच कमकुवत ठरवल्या. ज्यांना पहिली बाजू पटते त्यांनी वाद्याला हात लावू नये, त्यांच्या निष्ठेचा मी आदर करतो. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. लग्नात डीजे लावणाऱ्या, दिवसभर मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या घरांना ही मनाई फक्त तेव्हाच आठवते, जेव्हा घरातलं एखादं पोर स्वतः काही वाजवू किंवा बनवू पाहतं. ऐकायला, विकत घ्यायला हरकत नाही. घडवायला मात्र हरकत. याला मी तक्वा म्हणत नाही.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. एक, घरी बनवलेली पहिली गिटार स्वस्त पडत नाही. कानशी, क्लॅम्प, चुंबक, वाया गेलेलं लाकूड यांचा हिशेब केला तर तेवढ्या पैशांत दुकानातून बरी गिटार येते. पैसे वाचवायला कोणी या वाटेला जाऊ नये. दोन, सगळंच उघडायचं नसतं. गिटारच्या आत जीवघेणी वीज नसते, पण व्हॉल्वच्या ॲम्प्लिफायरमध्ये असते, आणि प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये ती साठून राहते. जाणकार शेजारी नसताना तो उघडू नका. घराला नीट अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि बोटं त्या तारांवर असतात. सागवान घासताना नाकावर मास्क बांधा. हे नियम अब्बांनी मला दुकानात शिकवले, कॉलेजने नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या शहरांत आपल्या माणसांची रिवाइंडिंगची, सुतारकामाची, लेथची दुकानं आहेत, तिथे आपल्याच शैक्षणिक संस्थाही आहेत. त्या संस्थांनी या कारागिरांना हारतुरे घालायला बोलावू नये, शिकवायला बोलवावं आणि शिकवण्याचा मेहनताना द्यावा. दुकानात काम करणाऱ्या पोरांसाठी संध्याकाळी ओहमचा नियम आणि फॅरेडे त्यांच्या बोलीत शिकवायचे वर्ग काढावेत. आणि इंजिनिअरिंगच्या मुलामुलींच्या प्रकल्पात हाताने केलेल्या कामाला विकत आणलेल्या खोक्यापेक्षा जास्त गुण द्यावेत. गिटार हे निमित्त आहे. कोणाला रेडिओ आवडेल, कोणाला शिलाई मशीन, कोणाला सौरदिवा. पण गिटारमध्ये लाकूड, लोखंड, वीज, गणित आणि कान हे पाचही एका फळीवर भेटतात, म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करा म्हणतो.

भाचीचे ते दोन पिकअप माझ्याकडच्या एका गिटारमध्ये बसवलेले आहेत. एक सात हजार सहाशे टर्नचा, एक आठ हजार चारशेचा. दोघांच्या आवाजातला फरक आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतो, अब्बांनाही, ज्यांनी आयुष्यात एकदाही गिटार वाजवली नाही. पुढे कधी एखादा प्राध्यापक तुमच्या मुलीला ‘हे वाइंडरचं काम आहे’ असं म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा, सर, गेज कोणतं आणि टर्न किती?